धूर पुष्कळ, अग्नी कुठे?

दरवर्षी नाताळच्या सुमारास माझ्याकडे रेझ्युमेंची रास येऊन पडते. आमची कंपनी बाणेरमधल्या एका इमारतीच्या दीड मजल्यात मावते. उन्हाळ्यात आम्ही दोन, फार तर तीन इंटर्न घेतो, आणि तेवढ्या जागांसाठी आलेले अर्ज वाचायला माझ्या आठ-दहा संध्याकाळी जातात. तिसऱ्या संध्याकाळनंतर एक विचित्र प्रकार सुरू होतो. पुढचा रेझ्युमे उघडायच्या आधीच पाठ असल्यासारखा वाटायला लागतो. वर गोल चौकटीत फोटो. खाली ‘पॅशनेट’ शब्दाने सुरू होणारं एक वाक्य. मग पंधरा-वीस तंत्रज्ञानांची नावं आणि त्यांच्यापुढे अर्धे-पाऊण भरलेले निळे पट्टे: पायथॉन ९० टक्के, जावा ७५ टक्के. मग तीन प्रोजेक्ट: हवामान दाखवणारं ॲप, कामांची यादी ठेवणारं ॲप आणि नेटफ्लिक्सच्या पहिल्या पानाची नक्कल. शेवटी सर्टिफिकेटांची माळ.

गंमत अशी की हे सगळं वेगळं दिसण्यासाठी केलेलं असतं.

मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी जे ऐकलं ते केलं. कॉलेजातल्या ट्रेनिंग-प्लेसमेंटच्या सरांपासून यूट्यूबवरच्या दादापर्यंत सगळे एकच सांगतात: स्पर्धा मोठी आहे, उठून दिसायचं असेल तर रेझ्युमेत भर घाला. सर्टिफिकेटं घ्या, प्रोजेक्ट वाढवा, लीटकोडवर ३०० प्रश्न सोडवा, गिटहबवरचा तक्ता हिरवागार ठेवा. या मताला सोयीसाठी ‘भरवाद’ म्हणू. तो खोडायचा तर आधी नीट मांडायला हवा. पूर्वपक्ष दुबळा करून मग पाडायचा, ही वादातली जुनी चोरी आहे.

भरवाद्यांचं म्हणणं असं. अर्ज वाचणाऱ्याकडे वेळ नसतो. अर्ध्या-एक मिनिटात त्याला उमेदवाराची बुद्धी दिसणं शक्यच नाही, दिसतात त्या खुणा. कित्येक ठिकाणी तर पहिली चाळणी माणूस लावतच नाही, सॉफ्टवेअर लावतं, आणि ते शब्द शोधतं. कॅम्पस ड्राइव्हचा क्रायटेरिया ‘दहावी, बारावी, डिग्रीला ६० टक्के आणि लाइव्ह बॅकलॉग नको’ असा असेल, तर ५८ टक्केवाल्याच्या प्रतिभेचं कौतुक करायला तिथे कोणी बसलेलं नसतं. शिवाय एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाकडे अनुभव येणार कुठून? अनुभव मिळावा म्हणूनच तर तो इंटर्नशिप मागतोय. मग अनुभवाच्या जागी खुणा गोळा करणं आलं. आणि दोन खुणांपेक्षा दहा खुणा केव्हाही बऱ्या.

शेवटचं वाक्य सोडलं तर यातला एकही मुद्दा वेडगळ नाही. सगळी मेख त्या शेवटच्या वाक्यात आहे.

खुणेवरून वस्तू ओळखणं म्हणजे अनुमान, आणि अनुमानाचा आपल्याकडे शतकानुशतकं कीस पाडलेला आहे. नैयायिकांचं ठरीव उदाहरण शाळकरी मुलालाही समजेल असं आहे: डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. हे अनुमान कशाच्या जोरावर टिकतं? धूर दाट आहे किंवा दहा ठिकाणी आहे, याला तिथे महत्त्व नाही. अग्नीवाचून धूर होत नाही, या एका नात्यावर सगळं उभं आहे. त्या नात्याला व्याप्ती म्हणतात. जी खूण वस्तू असली तरी आढळते आणि नसली तरी आढळते, ती सव्यभिचार. गौतमाच्या न्यायसूत्रांत जे ५ हेत्वाभास सांगितले आहेत त्यांतला हा पहिला.

आता ऑनलाइन कोर्सचं सर्टिफिकेट घ्या. बहुतेक ठिकाणी व्हिडिओ दुप्पट वेगाने पळवायचे आणि शेवटची प्रश्नावली बरोबर येईपर्यंत पुन्हा पुन्हा द्यायची, की ते हातात पडतं. ज्याला काम येतं त्यालाही मिळतं, ज्याला येत नाही त्यालाही मिळतं. अशा दहा खुणा शेजारी शेजारी ठेवल्या म्हणून त्यांच्यात व्याप्ती शिरत नाही. धुक्याचे कितीही लोट जमले तरी खाली जाळ आहे असं ठरत नाही. सगळी सर्टिफिकेटं एकाच मापाची नसतात हे मान्य. एनपीटीईएलची परीक्षा केंद्रावर जाऊन, देखरेखीखाली द्यावी लागते. तिथे थोडा तरी खरा धूर असतो.

निळ्या पट्ट्यांची गोष्ट याहून मजेची. ‘मला पायथॉन येतं, कारण मी स्वतःला पायथॉनमध्ये ९० टक्के दिले आहेत.’ जे सिद्ध करायचं तेच पुरावा म्हणून पुढे करायचं, याला साध्यसम म्हणतात. उरलेले १० टक्के कोणते, असं मी एकदा एका मुलाला विचारलं होतं. तो प्रामाणिक होता. हसला आणि म्हणाला, “सर, टेम्पलेटमध्येच तेवढं भरलेलं होतं.” आणि २२ तंत्रज्ञानांची यादी? दुसऱ्या वर्षातल्या मुलाच्या अर्जात ती असली की उलटंच अनुमान निघतं: यातलं एकही त्याने पुरेसं खोल पाहिलेलं नाही. हा विरुद्ध हेतू झाला. जे म्हणायचं होतं त्याच्या नेमकं विरुद्ध सिद्ध करतो.

हे कोणाला पोथीपांडित्य वाटेल, म्हणून अर्थशास्त्राकडे वळतो. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये नोकरीच्या बाजारातल्या संकेतांवर एक निबंध लिहिला. पुढे २००१ मध्ये अकरलॉफ आणि स्टिग्लिट्झ यांच्याबरोबर त्यांना नोबेल मिळालं, त्यामागे हे काम होतं. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: मालकाला उमेदवाराची कुवत आतून दिसत नाही, म्हणून तो संकेत पाहतो, पण संकेत उपयोगी पडायचा असेल तर तो मिळवणं कुवत नसलेल्याला जास्त महाग पडलं पाहिजे. दोघांनाही सारख्याच स्वस्तात मिळत असेल, तर सगळेच तो घेतील आणि त्यावरून कोणीच ओळखू येणार नाही. नैयायिक ज्याला व्याप्ती म्हणतात तिचीच ही बाजारातली आवृत्ती. फरक एवढाच की बाजारात व्याप्ती टिकून राहत नाही. आज खरी असलेली खूण उद्या स्वस्त होते.

हे होताना आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी ज्या विद्यार्थ्याने एखाद्या ओपन सोर्स प्रकल्पात बदल पाठवला आणि तो स्वीकारला गेला, तो खरोखरच चारचौघांत उठून दिसायचा. दुसऱ्याचा कोड वाचायचा, त्यातली चूक शोधायची, तिथल्या अनोळखी माणसांशी नीट बोलायचं, त्यांनी तीनदा परत पाठवलं तरी रागवायचं नाही: हे सगळं जमल्याशिवाय ते होतच नव्हतं. मग ‘ओपन सोर्समध्ये योगदान द्या’ हे वाक्य भरवाद्यांच्या यादीत गेलं. ऑक्टोबर महिन्यात चार पुल रिक्वेस्ट (बदलांचे प्रस्ताव) पाठवल्या की तेव्हा टी-शर्ट देणाऱ्या हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमाचं २०२० मध्ये काय झालं, ते त्या वर्षी एखाद्या प्रकल्पाची रेपो सांभाळणाऱ्या कोणालाही विचारा. रीडमी फाइलमध्ये एखादा विशेषणाचा शब्द घालायचा आणि पाठवून द्यायचं. असा रतीब लागला की आयोजकांना महिना संपायच्या आतच नियम बदलावे लागले, आणि ज्या प्रकल्पांनी स्वतःहून संमती दिली तेवढेच मोजले जाऊ लागले. २०२४ च्या सुरुवातीला एक्सप्रेस या जावास्क्रिप्टच्या जगभर वापरल्या जाणाऱ्या फ्रेमवर्कच्या वाट्याला हेच आलं. एका शिकवणीच्या व्हिडिओत पुल रिक्वेस्ट कशी पाठवायची ते त्या रेपोवर करून दाखवलं होतं. पाहणाऱ्या मुलांनी, त्यात आपली मुलं पुष्कळ होती, तसंच्या तसं केलं. शेकडो जणांनी तिथल्या रीडमीमध्ये आपापली नावं लिहून पाठवली. फुकट काम करणारे तिथले लोक दिवसचे दिवस ती बंद करत बसले.

त्या मुलांची मला लाज वाटली नाही, कीव आली. त्यांनी काही चोरलं नव्हतं. उंच उडी मारता आली की पदक मिळतं असं ऐकून ती थेट पदकाच्या दुकानात गेली होती.

गिटहबच्या तक्त्यातल्या हिरव्या चौकोनांचं तर बोलायलाच नको. गिटमध्ये कमिट, म्हणजे बदलाची नोंद, करताना तारीख हवी ती देता येते. त्यामुळे गेल्या वर्षभराचा तक्ता एका दुपारी रंगवता येतो, आणि त्या चौकोनांत स्वतःचं नाव काढणारेही आहेत. नाव काढणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं. निदान तक्ता खोटा आहे हे ते लपवत तरी नाहीत.

आता मार्कांकडे येतो, कारण भरवादाला विरोध करणारे अनेकजण इथे दुसऱ्या टोकाला जातात. ‘मार्कांना काही अर्थ नाही, गूगलसुद्धा तेच म्हणतं’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते कुठून आलं ते शोधावंसं वाटलं. गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लास्लो बॉक यांनी २०१३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सला मुलाखत दिली होती. तीत त्यांनी सांगितलं की भरतीसाठी निकष म्हणून कॉलेजातले गुण निरुपयोगी ठरले, आणि कोडी घालण्याचा प्रकार तर निव्वळ वेळेचा अपव्यय ठरला. पण त्याच मुलाखतीत एक अपवाद होता, तो सांगताना लोक गाळतात. नुकत्याच कॉलेजातून बाहेर पडलेल्यांच्या बाबतीत गुणांचा थोडासा संबंध दिसतो, असं त्यांनी म्हटलं होतं. म्हणजे ज्यांना हे अर्धं वाक्य धीर म्हणून ऐकवलं जातं, उरलेलं अर्धं नेमकं त्यांच्याचबद्दल आहे. मार्क म्हणजे उंबरठा. उंबरठा ओलांडावा लागतो, आणि ओलांडला म्हणून कोणी ओवाळत नाही. माझ्या टेबलावर आठ सीजीपीएचे अर्ज गठ्ठ्याने असतात. लीटकोडचंही तसंच. मोठ्या कंपन्यांची पहिली फेरी ऑनलाइन कोडिंगची असते, तिथे सराव लागतोच, तो जरूर करा. पण ३०० हा आकडा रेझ्युमेत लिहून मला काय कळणार? जे कळायचं ते त्या परीक्षेत कळून गेलेलं असतं.

मग उरतं काय? खंडन पुष्कळ झालं. मंडन न करता थांबणाऱ्याला आपल्याकडे वैतंडिक म्हणतात.

कामावर कोण चांगलं ठरेल हे आधी कशावरून ओळखावं, यावर शंभरेक वर्षांचं संशोधन आहे. श्मिट आणि हंटर यांनी १९९८ मध्ये त्यातल्या ८५ वर्षांचा गोषवारा काढला. ० म्हणजे काहीच संबंध नाही आणि १ म्हणजे तंतोतंत, अशा मापाने त्यांना प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेण्याला ०.५४ मिळाले, सर्वांना सारखेच प्रश्न विचारणाऱ्या आखीव मुलाखतीला ०.५१, आणि शिक्षणाची वर्षं मोजण्याला ०.१०. पुढे २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी हे आकडे पुन्हा तपासले आणि आधीच्यांनी ते फुगवून धरले होते असं दाखवलं: आखीव मुलाखत ०.४२ वर आली, कामाचा नमुना ०.३३ वर. यातून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. नव्या आकड्यांत अगदी उत्तम साधनसुद्धा अर्ध्याच्या खालीच आहे, म्हणजे अर्ज वाचणारा मी किंवा कोणीही पुष्कळदा चुकतो. आणि तरीही, दोन्ही गोषवाऱ्यांत वरच्या जागांवर काय आहे? माणसाने प्रत्यक्ष केलेलं काम, आणि त्या कामाबद्दल नीट विचारलेले प्रश्न. हे अभ्यास सर्व तऱ्हेच्या नोकऱ्यांचे आहेत, सॉफ्टवेअरच्या इंटर्नचे नव्हेत. पण माझा स्वतःचा अनुभव त्यांच्याच बाजूने झुकतो.

एक अर्ज सांगतो. सातारा जिल्ह्यातली मुलगी, कॉलेज नावाजलेलं नाही, गणिताच्या एम-थ्री पेपरची केटी (नापास राहिलेला विषय), सर्टिफिकेट एकही नाही. प्रोजेक्टच्या जागी एकच ओळ: ‘गावच्या वाचनालयाची पुस्तकांची यादी आणि शोध.’ खाली लिंक. रात्रीचे साडेदहा वाजले होते, मी लिंक उघडली. पान दिसायला अगदी साधं, रंगसंगती बघवत नव्हती. पण चार हजारांच्या वर पुस्तकं होती आणि कोणतं पुस्तक कधी कोणत्या क्रमांकाच्या सभासदाकडे गेलं याच्या नोंदी आदल्या दिवसापर्यंतच्या होत्या. म्हणजे कोणीतरी हे रोज वापरत होतं. तिथेच मी तिचं नाव वहीत लिहिलं.

मुलाखतीला आल्यावर मी विचारलं, “यात सगळ्यात जास्त वेळ कशात गेला?”

“वाऱ्यात,” ती म्हणाली.

ग्रंथपाल काकांनी तिला फोन करून सांगितलं होतं की ‘वाऱ्यावरची वरात’ शोधलं की काहीच येत नाही, आणि पुस्तक तर समोर कपाटात आहे. तिने शोधून पाहिलं तर तिला सापडलं. काकांनी पुन्हा केलं, नाही सापडलं. दोन दिवस तिला वाटत राहिलं की काका काहीतरी चुकीचं टाइप करतायत. मग ती वाचनालयात जाऊन त्यांच्या शेजारी बसली. काका बरोबरच टाइप करत होते. तिने दोन्ही शब्दांतलं एकेक अक्षर सुटं करून त्याचा युनिकोड क्रमांक छापला, तेव्हा उलगडा झाला. ‘वाऱ्या’मधला तो आडव्या रेघेसारखा दिसणारा र दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, क्रमांक ०९३१, आणि पुढे हलन्त. दुसऱ्यात साधा ‘र’, मग हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारं शून्य रुंदीचं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. यादी भरायला दोघं बसले होते आणि दोघांचे कीबोर्ड वेगळे होते.

“मग युनिकोडचं नॉर्मलायझेशन लावलंस का?” मी मुद्दाम विचारलं. पुस्तकी उत्तर तेच आहे.

“लावलं सर, पण त्याने हे दोन एक होत नाहीत. हाताने बदलावं लागलं.” यादीत भरताना आणि शोधताना, दोन्हीकडे आधी एकाच रूपात आणायचं. सगळा मिळून पाच ओळींचा कोड. मग मी काही विचारायच्या आधीच ती म्हणाली, “पण ‘ॲ’चं अजून जमलेलं नाही. तो तीन प्रकारे लिहिलेला आहे. आणि जुन्या यादीत काही ठिकाणी ‘ए’वर चंद्र आहे की ‘अ’वर, तेच काकांना आठवत नाही.”

हेच हवं असतं. केलेलं काम कोणीतरी वापरतं, ते कुठे मोडलं हे करणाऱ्याला माहीत आहे, का मोडलं ते शोधण्यासाठी तो जागेवरून उठून गेला, आणि अजून काय मोडकं आहे ते लपवत नाही. हे असत्याच्या आधारावर उभं करणं फार महाग पडतं. खोटं सांगायचं म्हटलं तरी ‘ॲ’ तीन प्रकारे लिहिला जातो हे आधी माहीत असावं लागतं, आणि ते माहीत व्हायला काम केलेलं असावं लागतं. स्पेन्स यांची अट इथे पुरी होते. आणि सर्टिफिकेट नसण्याचं काय? नैयायिकांकडे त्यालाही उदाहरण तयार आहे. धुरावरून अग्नी सिद्ध होतो, पण धूर नाही म्हणून अग्नी नाही असं म्हणता येत नाही. लोहाराच्या भट्टीतून काढलेल्या लाल गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो.

भरवादी इथे गप्प बसणार नाही, आणि बसूही नये. तो म्हणेल, ही मुलगी तुमच्या टेबलापर्यंत पोहोचली म्हणून. केटी असलेल्या मुलीला कॅम्पस ड्राइव्हच्या दारातच अडवलं असतं. खरं आहे. आणि त्याला माझ्याकडे उत्तर एवढंच आहे की त्या दारातून आत जाण्याचे नियम वेगळे आणि आत गेल्यावर निवडलं जाण्याचे वेगळे. पहिले नियम पाळावेच लागतात, ते पाळून कोणी उठून दिसत नाही. ज्याला ते दार बंद आहे त्याने लहान कंपन्यांकडे थेट जावं. आमच्यासारख्या शंभर जागी चाळणी लावायला सॉफ्टवेअर नसतं, डोळे असतात.

दुसरा आक्षेप नवा आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि तेव्हापासून कोणीही एका संध्याकाळी वाचनालयाची यादी बनवू शकतं. मग प्रोजेक्टही सव्यभिचारच झाला ना? हो, झाला. नुसता प्रोजेक्ट झाला. नेटफ्लिक्सची नक्कल तर आधीच झाली होती, आता तिचं श्राद्धही उरकलं. मशीनकडून कोड लिहून घ्यायला माझी ना नाही, आम्ही स्वतः रोज घेतो. पण काकांच्या शेजारी जाऊन बसायचं काम ते करत नाही. कोड स्वस्त झाला, तसं प्रश्नांचं वजन वाढलं. हल्ली मी मुलाखतीत कोड लिहायला जवळजवळ सांगतच नाही. त्यांचाच कोड पडद्यावर उघडतो आणि एक ओळ खोडून विचारतो, आता काय होईल?

तिसऱ्या आक्षेपापुढे मात्र मी अडखळतो. बिनपैशांचं काम करायला सवड लागते, आणि सवड सगळ्यांना सारखी नसते. सकाळी कॉलेज आणि संध्याकाळी मेडिकलच्या दुकानात उभा राहणारा मुलगा वाचनालयाची यादी कधी करणार? काही ठिकाणी यावर थोडा विचार झालेला आहे. आउटरीची ही इंटर्नशिप तंत्रक्षेत्रात ज्यांचं प्रमाण कमी आहे अशांसाठीच चालते, तीन महिन्यांचे ७,००० डॉलर देते, घरबसल्या करता येते, आणि निवडीआधी प्रत्यक्ष प्रकल्पात छोटं योगदान करून घेते. पण ते योगदानही फुकटच करावं लागतं. गूगलच्या समर ऑफ कोडने २०२२ पासून विद्यार्थी असण्याची अट काढली, तिथेही आधी सवड लागतेच. मेडिकलमधल्या त्या मुलाला मी एवढंच सांगू शकतो की दुकानात उधारीची वही असते, ‘संपत आलेला माल’ म्हणून कागदावर लिहिलेली यादी असते. त्यातलं काहीतरी मालकासाठी कर. वेगळा वेळ लागणार नाही असं मी म्हणत नाही. पण गिऱ्हाईक तयार आहे, आणि काय मोडलं ते तोंडावर सांगणाराही.

आणि इंग्रजी? ‘कम्युनिकेशन स्किल’ म्हणून त्याचा जो बाऊ केला जातो त्यातला अर्धा तरी निरर्थक आहे. वाचनालयवाल्या मुलीची मुलाखत मराठीत झाली. ईमेल तिला लिहिता येत होतं, बाकीचं ती सहा महिन्यांत शिकली.

एका गोष्टीवर मात्र मला कोणाचंही ऐकून घ्यायचं नाही. इंटर्नशिप आता अभ्यासक्रमात आली आहे, तिला क्रेडिट मिळतात, पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात तर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला ती आहेच. सक्ती आली की तिच्या सावलीत दुकानंही आली: अमुक हजार भरा, आठ आठवडे व्हिडिओ पाहा, ऑफर लेटर आणि सर्टिफिकेट दोन्ही घ्या. पालकांनो, जो तुमच्याकडून पैसे घेतो तो तुमच्या मुलाला इंटर्नशिप देत नाही, क्लास विकतो. क्लास चांगलाही असेल. पण त्याच्या कागदावर इंटर्नशिप लिहिलेलं पाहून मी तो अर्ज बाजूला ठेवतो, आणि तसं करणारा मी एकटा नाही.

थोडी चूक आमच्याकडेही आहे, हे कबूल करायला हवं. आमच्याच अर्जात ‘कौशल्यं आणि त्यांची पातळी’ असा रकाना होता, ‘सर्टिफिकेटं जोडा’ असं बटण होतं. आम्ही धूर मागितला, मुलांनी धूर दिला. यंदा तो रकाना काढलाय आणि बटणही. त्याजागी एकच प्रश्न आहे: तुम्ही केलेली एक गोष्ट सांगा, ती कोण वापरतं, आणि ती कुठे मोडते? दोनशे शब्दांत लिहा. मराठीत लिहिलंत तरी चालेल.